बोरजाईचे सुटे शेवट

बोरजाईच्या सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक घरी नेता येतं. पुस्तकाचा शेवट नेता येत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण घाटाखालच्या या लहानशा गावात तो शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आत गेलं की डाव्या हाताला भिंतभर सागवानी कपाट दिसतं. त्याच्या कप्प्याकप्प्यांत दोऱ्याने बांधलेले पानांचे पातळ गठ्ठे ठेवलेले असतात. प्रत्येक गठ्ठा म्हणजे कुठल्या तरी पुस्तकाची शेवटची पानं. बाइंडर लोक दुमडून शिवायच्या अशा गठ्ठ्याला जुज म्हणतात. एकापुढे एक जुज शिवत गेलं की पुस्तक होतं. बोरजाईत शेवटचा जुज शिवत नाहीत. ज्याला तो हवा त्याने इथे यायचं, सतरंजीवर बसायचं आणि मोठ्याने वाचायचं.

गुरुवारी संध्याकाळी यासाठी निम्मं गाव लोटतं. शेवट ऐकायला आलेली माणसं बसली, बसली म्हणून बोलली, आणि बोलण्यातून बाकीचं सगळं उभं राहिलं: पोरांचा गोष्टींचा तास, परीक्षेला बसणाऱ्यांची अभ्यासिका, म्हाताऱ्यांना पेन्शनचे कागद समजावून देणारी बुधवारची दुपार, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणारी पुस्तकांची पेटी. घाटावरच्या देवळाला निघालेले पाहुणे चहाला थांबतात आणि वाचनालयही बघून जातात. ते दाखवतात नलूताई माने, शाळेतून निवृत्त झालेल्या.

"पण मावशी," पाहुण्यांतला एखादा तरी म्हणतोच, "शेवट तर फोनवर सापडेल की."

"सापडू दे की," नलूताई म्हणतात. "पण वाचताना रडू आलं तर शेजारी कोण, तुमचा फोन?"

मग पाहुणे हसतात, आणि नलूताई सगुणेची गोष्ट सांगतात. त्यांनी ती त्यांच्या आजेसासूकडून ऐकली. गावात सगळेच ती थोड्याफार फरकाने सांगतात.

फार पूर्वी, गावात मोटार यायच्याही आधी, बोरजाईत वाचनालय होतं पण तिथे बसून कोणी वाचत नसे, असे सांगतात. ते स्थापन केलं विसाजीपंत खासनीसांनी. घरची पुस्तकं दिली, जागा दिली, आणि मरेपर्यंत अध्यक्षपद सोडलं नाही. पंतांच्या मते वाचनालयाचा मोठेपणा शांततेत होता. समोरच्या भिंतीवर त्यांनी हातभर अक्षरांत 'शांतता' असं रंगवून घेतलं होतं. परगावचं कोणी आलं की ते सांगत, "आमच्या वाचनालयात सुई पडली तरी ऐकू येते."

सुई पडलेली ऐकू यायची खरी. कारण तिथे सुई धरणारी एक बाई असायची आणि तिच्याखेरीज कोणीच नसायचं.

तिचं नाव सगुणा जीनगर. तिचा नवरा शिवराम वाचनालयाची पुस्तकं बांधायचा. तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. मूलबाळ नव्हतं. मंडळाने ठराव केला की बाईने मागच्या पडवीत राहावं, झाडलोट आणि दिवाबत्ती करावी आणि पुस्तकांची बांधणी पुढे चालवावी. ठराव करून झाल्यावर मंडळातल्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांच्या दयाळूपणाचं कौतुक केलं. सगुणा बाहेर उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

काम तिला येत होतं. नवऱ्याच्या शेजारी बसून ती सगळं शिकली होती: खळ शिजवणं, फाटकं पान सांधणं, जुज शिवणं, पुस्तक लाकडी शिकंज्यात आवळून ठेवणं. फक्त तिला वाचता येत नव्हतं. शिवरामलाही येत नव्हतं. जुजाच्या तळाशी आकडा असतो, तो ओळखता आला की बांधणाऱ्याचं भागतं. शिकावं असं सगुणेला वाटलं नसेल असं नाही. पण ज्या गावाने वाचनालय उघडलं त्या गावात तिला शिकवायला कोणी बसलं नाही.

मोठ्या घरची माणसं पुस्तकं न्यायला स्वतः येत नसत. गडी यायचा, दारातून हात पुढे करायचा. सगुणा जुनं पुस्तक घ्यायची, सांगितलेलं नवं द्यायची. कुठलं पुस्तक कुठे असतं हे तिला पाठीच्या रंगावरून आणि शिवणीवरून कळायचं. दिवसभरात तिच्या वाट्याला येणारी माणसं म्हणजे नुसते हात. बांगड्यांचे, अंगठ्यांचे, शेणाचा वास येणारे, तपकिरीचे डाग पडलेले. उजळणी पाठ असावी तसे ती ते हात ओळखायची. त्या हातांना चेहरे असतात हे तिला बाजारात गेली की आठवायचं.

कधी कधी ती विचारायची, "काय हाय हो ह्याच्यात?"

"पुस्तक," गडी म्हणायचा.

एकदा स्वतः आलेल्या एका वकिलाला तिने तेच विचारलं. तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "तुला काय करायचंय, बाई? नीट शिव म्हणजे झालं."

ती नीट शिवायची. सुईचं टोक कागदातून जातानाचा आवाज, दोरा ओढतानाचा आवाज, आणि भिंतीवरचा तो शब्द, जो तिला वाचता येत नव्हता पण पाळावा लागत होता. शिवराम होता तेव्हा निदान तो खोकायचा. आता संध्याकाळी दिवा लावताना ती मुद्दाम काडेपेटी हलवायची, खुळखुळ वाजायला हवी म्हणून. आपल्या हातांतून गावभरच्या गोष्टी जातात आणि त्यातली एकही आपल्यापाशी थांबत नाही, हे तिला हळूहळू फार लागायला लागलं. आपल्याला कोणीतरी एक पुस्तक वाचून दाखवावं, पहिल्या पानापासून, एवढंच तिला हवं होतं. दागिना नको, लुगडं नको. पण हे मागायचं कुणाकडे?

मग एकदा तिच्या हातून चूक झाली. एका जाड पुस्तकाची बांधणी चालू असताना शेवटच्या जुजावर खळ सांडली. तिने तो पुसून खिडकीत वाळत ठेवला आणि विसरली. बाकीचं पुस्तक शिवून, पुठ्ठा चढवून गेलंसुद्धा. ते गेलं दौलतराव शितोळ्यांकडे. दौलतराव म्हणजे निवृत्त जमादार. त्यांच्या मिशा बघून पोरं वाट बदलायची.

चार दिवसांनी वाचनालयाच्या पायऱ्या धडाधड वाजल्या.

"सगुणे! माझी होडी कुठाय?"

सगुणा घाबरून उभी राहिली. "कुठली होडी, जमादारसाहेब?"

"कुठली काय विचारतेस! पूर आलाय, होडी मधोमध हाय, वल्हं मोडलंय, अन् पुढं पुठ्ठा! पुठ्ठ्यावर आदळली का काय होडी? रातभर डोळ्याला डोळा न्हाई माझ्या!"

तिला खिडकीतला जुज आठवला. तिने तो आणून दिला. जमादारांनी हिसकावून घेतला आणि तिथेच उभ्याने वाचायला लागले. वाचता वाचता उंबऱ्यावर बसले. त्यांची शाळा जेमतेम झाली होती, त्यांना मनात वाचता येत नसे. ओठ हलायचे, आवाज निघायचा. आधी पुटपुट, मग मोठ्याने. सगुणा दाराच्या आत गोणपाट टाकून खाली बसली आणि ऐकू लागली.

नावाडी एकटाच काठाला येतो. होडी बांधतो. काठावर कुणीतरी त्याच्यासाठी लावलेला कंदील असतो, तो विझवतो, कारण आता त्याची गरज नसते.

इथे जमादार थांबले. मिशीवरून काहीतरी ओघळलं. त्यांनी ते धोतराच्या सोग्याने पुसलं आणि सगुणेवर डोळे वटारले. "कुणाला सांगशील तर बघ."

"न्हाई सांगत," सगुणा म्हणाली. "पर जमादारसाहेब, होडीत कोण हुतं?"

"पुस्तकात हाय सगळं. वाच."

"वाचता येत असतं तर तुमाला बसवलं असतं व्हय?"

"मी कुठं बसलोय? निघालोच," म्हणत ते उठले, आणि गेले.

पण त्या संध्याकाळी सगुणेने काडेपेटी वाजवली नाही. एक माणूस तिच्याशी भांडला होता, तिच्या उंबऱ्यावर बसला होता, रडला होता. आणि एक गोष्ट, शेपटाकडून का होईना, तिच्यापाशी थांबली होती.

पुढच्या पुस्तकाच्या वेळी ती विसरली नाही. तिने शेवटचा जुज मुद्दाम बाजूला ठेवला. त्याच्या पुढच्याही. पुस्तक दुरुस्तीला आलं की त्याचा शेवट उसवायचा आणि आपल्या पडवीतल्या फळीवर ठेवायचा, असं तिने सुरू केलं. गावात बोंबाबोंब झाली. पण ज्याची गोष्ट अर्धवट अडकली त्याला गड्याला पाठवून भागेना, कारण सगुणेची अट होती: शेवट बाहेर जाणार नाही, इथेच बसून वाचायचा, आणि मोठ्यानं.

द्वारकाकाकू देवधर कोथिंबिरीच्या जुडीखाली पुस्तक लपवून नेत. त्या तणतणत आल्या. "मोठ्याने म्हणे! भिंतीवर काय लिहिलंय ते दिसत नाही का तुला?"

"दिसतं की, काकू. वाचता येत न्हाई."

काकूंनी कपाळाला हात लावला आणि वाचायला बसल्या. पहिल्या ओळीला आवाज चिरका निघाला. कितीतरी वर्षांत त्या घरात मोठ्याने बोलल्याच नव्हत्या. तिसऱ्या पानावर त्यांचा आवाज सापडला आणि मग तो असा लागला म्हणे की रस्त्यावरून जाणारा बैलगाडीवाला गाडी थांबवून ऐकत राहिला.

अशी माणसं यायला लागली. एकाचा शेवट दुसऱ्याच्या कानावर पडू लागला. मग दुसरा ते पुस्तक मागू लागला. भिंतीवरच्या शब्दाखाली गलका होऊ लागला. गावातली म्हातारीकोतारी सांगतात की बोरजाईत वाचनालय खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झालं. पंतांनी स्थापन केलं ते पुस्तकांचं गोदाम होतं.

आता कुणालाही वाटेल, सगुणेचं एकटेपण संपलं. ते संपलं नाही. शेवट कळल्यावर माणूस थांबत नाही. पान मिटायचं, सुस्कारा टाकायचा, आणि चप्पल शोधायची. "सुरवात सांगा की," ती म्हणायची. "अगं, मोठी आहे. पुन्हा कधीतरी," असं म्हणत माणसं दिव्याच्या वेळेला घरी जायची. गर्दी शेवटासाठी होती, तिच्यासाठी नव्हती. हे तिला कळत होतं.

तिच्या डोक्यात आता नुसते शेवट साठले. कुठला तरी राजा मेला. तो जिवंत असताना कसा होता, तिला माहीत नाही. दोन बहिणी गळ्यात पडल्या. त्या का दुरावल्या होत्या, तिला माहीत नाही. एका बाईने दार लावून घेतलं आणि ते पुन्हा उघडलंच नाही. त्या बाईसाठी सगुणा दोन दिवस जेवली नव्हती, आणि तिला त्या बाईचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. शिवता शिवता ती मागचं जुळवून बघायची. जुळायचं नाही. साऱ्या गावात सगळे शेवट माहीत असलेली ती एकटी होती, आणि एकही गोष्ट माहीत नसलेलीही ती एकटीच.

दसरा जवळ आला तेव्हा विसाजीपंत स्वतः वाचनालयात आले. बरोबर मंडळाची चार वडील माणसं. दसऱ्याला वाचनालयात सरस्वतीपूजन व्हायचं, सगळे ग्रंथ पाटावर मांडले जायचे. पंतांनी एक पुस्तक उचललं, मागून उघडलं, आणि नाक मुरडलं.

"सगुणे, मोडक्या मूर्तीची पूजा करतात का?"

"न्हाई, पंत."

"मग अपुऱ्या ग्रंथाची कशी करायची? हा सरस्वतीचा अपमान आहे. दसऱ्याच्या आत सगळे शेवट जिथल्या तिथे शिवून टाक. नाहीतर पडवी रिकामी कर. आणि हा बाजार बंद. वाचनालय आहे हे, चावडी नव्हे."

उंबऱ्यावर जमादार बसले होते. ते काहीतरी बोलणार होते. पंतांनी त्यांच्याकडे बघितलं आणि जमादार मिशी चावू लागले. द्वारकाकाकूंनी पदर सावरला. ज्यांचे शेवट सगुणेने जपले होते त्यातलं एकही माणूस तोंड उघडेना. वडीलधाऱ्यांसमोर बोलायचं नसतं हे सगळ्यांना लहानपणी शिकवलेलं असतं, आणि तेवढं मात्र कोणी विसरत नाही.

सगुणा म्हणाली, "शिवते, पंत. एकूण एक शिवते. पर मला एक पुस्तक वाचून दाखवा. पयल्या पानापासून."

मंडळातलं कोणीतरी हसलं. पंत हसले नाहीत. तिच्या डोळ्यांत बघून ते क्षणभर गडबडले असावेत. त्यांनी पाटावरच्या पुस्तकांवर हात ठेवला. "दसरा झाला की मी स्वतः वाचून दाखवीन. शब्द देतो."

आणि ती कामाला लागली. उजेड असेपर्यंत शिवायची, बोटाला चिंधी बांधून शिवायची. फळी रिकामी होत गेली. शेवट आपापल्या पुस्तकात जात होते आणि त्यांच्याबरोबर उंबऱ्यावरची माणसंही, हे तिला दिसत होतं. पण पंतांनी शब्द दिला होता. एक पुस्तक अख्खं मिळणार असेल तर बाकीच्यांचे शेवट गेले तरी चालतील, असा तिने मनाशी हिशेब केला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने स्वतःसाठी काही मागितलं होतं, आणि तिला ते देऊ केलं होतं.

दसरा झाला. ग्रंथांवर झेंडूची फुलं पडली, पंतांनी सर्वांना सोनं वाटलं. दुसऱ्या दिवशी सगुणेने सारवून घेतलं, दाराच्या आत गोणपाट टाकलं, समोर पंतांसाठी पाट मांडला, पाटावर नावाड्याचं पुस्तक ठेवलं आणि बसली.

पंत आले नाहीत. निरोप आला, उद्या.

उद्या त्यांच्याकडे पाहुणे होते. परवा खोकला झाला. मग दिवाळी. मग पुतण्याचं लग्न ठरत होतं. प्रत्येक वेळी निरोप यायचा तो तोच: उद्या. खोटं बोलावं असं पंतांच्या मनात नव्हतं, असे सांगतात. त्यांना ते खरंच उद्याच करायचं होतं. आपला उद्या हा दुसऱ्या कुणाचा तरी आज असतो, हे काही माणसांना म्हातारपणीही कळत नाही.

इकडे वाचनालय पुन्हा पहिल्यासारखं झालं. गडी यायचे, हात पुढे व्हायचे. पुस्तकं आता पुरी होती, घरच्या घरी संपत होती. जमादार एकदोनदा पायरीपर्यंत आले आणि परत गेले. द्वारकाकाकू कोथिंबीर घेऊन परस्पर जायच्या. सगुणा रोज गोणपाटावर बसायची, समोर रिकामा पाट. काडेपेटी वाजवायचीही तिला आता इच्छा होईना. पूर्वी तिला आवाज कसा असतो ते माहीत नव्हतं. आता माहीत होतं.

शेवटी एका दुपारी ती स्वतः पंतांच्या घरी गेली. पंत ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते, मांडीवर पुस्तक. ती अंगणात उभी राहिली. पंत पान उलटत होते. ओठ मिटलेले, डोळे पुढे पुढे पळतायत. तिने असं मनातल्या मनात वाचणारं माणूस कधी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. सगळी गोष्ट तिथेच चालली होती, हाताच्या अंतरावर, आणि एक अक्षरही बाहेर येत नव्हतं.

"पंत," ती म्हणाली.

त्यांनी मान वर न करता हात हलवला. "आत्ता नको, सगुणे. फार रंगात आलंय."

झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या. मग ती वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंतांच्या उंबऱ्यावर वाचनालयाची किल्ली होती. घाटावर मीठ घेऊन जाणाऱ्या गाड्यांबरोबर एक बाई चालत गेल्याचं गाडीवानांनी पाहिलं म्हणे. हातात बोचकं होतं, त्यात सुया, दोरा आणि शिवरामची हातोडी असावी. पुस्तक एकही कमी नव्हतं. ती पुढे कुठे गेली, कुणाकडे राहिली, कधी मेली, हे बोरजाईत कुणालाच माहीत नाही. कोणी शोधायला गेलं का? तेही कोणी सांगत नाही.

त्याच दिवशी पंत झोपाळ्यावर बसून ते रंगात आलेलं पुस्तक पुढे वाचू लागले. शेवटाजवळ आले, पान उलटलं, आणि शेवटचा जुज अलगद सुटून त्यांच्या मांडीवर आला. बाकीची शिवण घट्ट होती. त्यांनी दुसरं पुस्तक काढलं, तिसरं काढलं. जमादारांकडचं, काकूंकडचं, प्रत्येक पुस्तकाचं तेच. पंतांनी साताऱ्याहून बाइंडर आणवला. त्याने मेणाचा दोरा वापरून शिवलं. महिन्याभरात पुन्हा सुटलं. आणखी एक आणवला, तो तर पंतांवर उखडला, "शिवण माझी आहे, साहेब, पण कागद माझं ऐकत नाही." गावातले काही म्हणतात, सगुणेने शेवटच्या जुजाला सरकगाठ मारली होती आणि नंतरच्या बाइंडरांना जुन्या भोकांमुळे जमलं नाही. काही म्हणतात, दिलेला शब्द जिथे टिकला नाही तिथे दोरा कसा टिकेल. ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावं. शेवट काही पुस्तकात राहिले नाहीत, एवढं खरं.

सुटे शेवट हरवायला लागले तेव्हा जमादार एक दिवस आपल्याकडचा जुज घेऊन वाचनालयात आले आणि पडवीतल्या फळीवर ठेवून गेले. मग काकूंनी ठेवला. फळी भरली. पुढे कपाट केलं ते या जुजांसाठी. माणसं पुन्हा येऊन बसू लागली, पुन्हा मोठ्याने वाचू लागली. पंतांनी कुणाला अडवलं नाही. भिंतीवरचा शब्द पुढच्या रंगकामात पुसला गेला. तो पुन्हा लिहा असं ते म्हणाले नाहीत.

आणि एका सकाळी, वाचनालयात कोणी नसताना, पंत आले. हातात एक पुस्तक होतं. दाराच्या आत गोणपाट अजून तसंच होतं, समोर पाट. ते पाटावर बसले. पहिलं पान उघडलं. उभ्या आयुष्यात त्यांनी मोठ्याने काही वाचलं नव्हतं. घसा खाकरावा लागला, शब्द अडखळले. ते रिकाम्या गोणपाटाला वाचून दाखवत होते. झाडायला आलेल्या बाईने पाहिलं आणि तिला वाटलं, पंतांना भ्रम झाला. ते रोज येऊ लागले. रोज जिथे थांबले होते तिथून पुढे. पुस्तक जवळजवळ पुरं झालं तेव्हा त्यांनी सुटा जुज हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला, आणि न वाचताच तो गोणपाटावर ठेवून दिला. मग उठून गेले. असं का केलं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वडील माणसांची तीही एक सवय असते.

आजही बोरजाईच्या वाचनालयाचा नवा अध्यक्ष निवडून आला की त्याला खुर्ची लगेच मिळत नाही. आधी पाटावर बसावं लागतं आणि दाराच्या आत टाकलेल्या गोणपाटासमोर एक पुस्तक पहिल्या पानापासून मोठ्याने वाचावं लागतं. 'उद्या' म्हणायची सोय नाही. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्या पानापासून. यंदा औषधाच्या दुकानाचे सुनीलशेठ पोरे निवडून आले. त्यांनी नलूताईंना हळूच विचारलं होतं, "ताई, बारकं पुस्तक चालेल ना?" नलूताई म्हणाल्या, "चालेल की. तेवढं गोणपाटाकडे बघून सांगा." सुनीलशेठनी मुकाट्याने जाड पुस्तक घेतलं.

ते वाचत असतात तेव्हा जवळ कोणी बसत नाही. पोरं गोष्टींच्या खोलीत असतात, अभ्यासिकेतली मुलं मान खाली घालून असतात, पेन्शनचे कागद घेऊन आलेले म्हातारे दुसऱ्या दाराने आत येतात. पाहुणे ऐकायला घुटमळले तर नलूताई त्यांना कोपराने पुढे सरकवतात. "चला. ते आपल्यासाठी नाही."

मागे तो आवाज चालू राहतो, एकटाच, समोर कोणी नसताना. शेवटाच्या जरा अलीकडे येऊन थांबतो. पाट सरकल्याचं ऐकू येतं.

"आणि शेवट?" पाहुण्यांतलं कोणीतरी विचारतं. "तो नाही वाचत?"

"तो कशाला वाचायचा," नलूताई म्हणतात. "तो तिला ठाऊक आहे."